चिखल्यांचे अर्थकारण

पावसाळा स्थिरावला की जालना जिल्ह्यातील काळ्या जमिनीत खुरपणीची घाई उडते आणि तिच्या पाठोपाठ शेतमजूर स्त्रियांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, खाज सुटते, पुढे चिरा पडून चालणे कठीण होते. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत घरोघरी माहीत असलेल्या या दुखण्याला कोणी रोग म्हणत नाही. ज्याने माणूस मरत नाही तो रोग कसला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुत: ज्याची मिळकत दिवसभर उभे राहण्यावर अवलंबून असते, त्याचे पाय हेच त्याचे भांडवल होय; आणि या भांडवलाची झीज कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जात नाही.

या दुखण्याचे कारण साधे आहे. सतत ओलीत राहिलेली कातडी मऊ पडते, तेथे बुरशीचे फावते आणि बुरशीने पाडलेल्या चिरांतून जिवाणू आत शिरतात. ओल पावसाचीच असावी असे नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणाऱ्या कामगाराचा पाय भट्टीजवळ बंद बुटात घामाने भिजतो. शाळकरी मुलगा कालचेच दमट कॅनव्हासचे बूट आज पुन्हा चढवतो. नायलॉनचे मोजे घालून दिवसभर खुर्चीत बसणारा कारकूनही यातून सुटलेला नाही.

पाय स्वच्छ ठेवा, हा उपदेश या जिल्ह्यात करताना थोडे अडखळावयास हवे. 2012-13 च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या भागांत जालना होता. तेव्हा पिण्याच्या पाण्याची भ्रांत असताना पाय धुण्याचे शहाणपण कोणी कोणाला शिकवावे? परंतु धुण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पाय कोरडे करण्याला आहे, आणि त्याला पाणी लागत नाही. जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा पुरतो. बोटांच्या बेचक्या नीट पुसाव्यात, मोजे सुती असावेत व रोज बदलावेत, बूट उन्हात वाळवावेत आणि एकाचे पाय पुसण्याचे फडके दुसऱ्याने वापरू नये. एवढ्याने बरेचसे दुखणे टळते.

खरा घोटाळा उपचारात आहे. क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीनाशक मलम स्वस्त आहे, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. ते दिवसातून दोनदा, साधारणत: चार आठवड्यांपर्यंत आणि लक्षणे गेल्यानंतरही एक-दोन आठवडे लावावे लागते. येथेच मजुराचा हिशेब वेगळा पडतो. त्याला उद्या कामावर जावयाचे असते. चार आठवड्यांनंतरचे आरोग्य त्याच्या दृष्टीने फार दूर असते. म्हणून तो दुकानात ‘लवकर गुण येणारे काही’ मागतो आणि त्याच्या हाती स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे एकत्र मिश्रण पडते. दोन दिवसांत खाज थांबते. पण स्टेरॉइडने थांबते ती कातडीची तक्रार; बुरशी आत वाढतच राहते, पसरते, पायावरून जांघेत जाते, आणि पुन:पुन्हा तेच मलम विकत घ्यावे लागते. स्वस्तात मिळालेला गुण असा हप्त्याहप्त्याने महाग पडतो.

2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’मध्ये आणून चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. तथापि, जेथे डॉक्टरची चिठ्ठी मिळविण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते, तेथे कायदा दुकानाच्या फळीपाशी थबकतो यात नवल नाही. दरम्यान नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी नायट्याची एक बुरशी भारतात फैलावली असून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे नावच ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे ठेवले. हा लौकिक भूषणावह खचितच नव्हे.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भेगांत बिब्ब्याचे तेल भरण्याची चाल खेड्यांतून आहे. बिब्बा उतला की मूळच्या चिरेच्या जागी फोड आणि जखम होते. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर असा प्रयोग घातकच. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम झाल्याचे कळत नाही आणि कळते तेव्हा प्रसंगी बोट कापण्याची वेळ आलेली असते. त्याने रोज तळपाय आरशात पाहावेत, अनवाणी चालू नये, कुरूप ब्लेडने कापू नये. पाय लाल होऊन सुजला, ताप आला, तर मलमाच्या नादी न लागता त्याच दिवशी, मधुमेह असो वा नसो, दवाखाना गाठावा.

शासनाला यासाठी मोठी योजना आखण्याची गरज नाही. खुरपणीच्या हंगामाआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात साधे बुरशीनाशक मलम पुरेसे असावे, आणि रुग्णाला एक लहान नळी देऊन पुन्हा हेलपाटा घालावयास न लावता पूर्ण चार आठवड्यांचे औषध एकाच वेळी द्यावे. कारखानदारांनी कामगाराला बुटांचा दुसरा जोड द्यावा. एक जोड वाळत असताना दुसरा पायात असेल. या जोडाची किंमत आणि कामगाराच्या बुडालेल्या दिवसांची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहण्यास त्यांच्या हिशेबनिसाला फार वेळ लागू नये.