रुक्ष प्राध्यापकाचे घर

ऑयगेन श्मालेनबाख (१८७३–१९५५) हे जर्मनीतील हिशेबशास्त्राचे सर्वांत प्रभावी प्राध्यापक. वडिलांचा वेस्टफालियात लोखंडी सामानाचा छोटा कारखाना होता. कारखान्यातच हिशेबाची गोडी लागली. १८९८ साली लायप्झिगला वाणिज्य महाविद्यालय निघाले, तेव्हा पंचविशीतला हा कारखानदाराचा मुलगा तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पुढे कोलोनला अध्यापन, १९०६ साली प्राध्यापकपद आणि त्याच वर्षी स्वतःचे संशोधन नियतकालिक. दरम्यान मारियाने झाक्स या ज्यू तरुणीशी लग्न झाले होते. ही बाब त्या काळी कोणाला फारशी महत्त्वाची वाटली नसावी.

श्मालेनबाख यांचा ‘गतिमान ताळेबंद’ हा सिद्धांत १९१९ सालचा. ताळेबंद म्हणजे मालमत्तेची किंमत सांगणारा कागद, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. कारखान्याने दहा वर्षे चालणारे यंत्र घेतले, तर ताळेबंदात दिसणारा आकडा त्या यंत्राचा बाजारभाव नसतो. पैसे देऊन झालेले असतात, पण खर्च म्हणून अजून नफ्यातून वजा व्हायचे असतात. तो आकडा म्हणजे हा उरलेला खर्च. म्हणजे ताळेबंद हा दोन वर्षांच्या नफातोट्यांमधला दुवा. मुख्य काम नफा मोजण्याचे, आणि तोही असा की यंदाचा गेल्या वर्षाच्या शेजारी ठेवून पाहता यावा. नफ्याचा आकडा निव्वळ अचूक असण्यापेक्षा तुलनेला उपयोगी पडणारा असावा, असा हा आग्रह. पुनर्मूल्यांकनाच्या जोरावर रातोरात श्रीमंत होणाऱ्या कंपन्यांबद्दल या स्तंभात वेळोवेळी जी कुरकुर होते, तिचे मूळ इथे आहे.

१९२७ साली त्यांनी खात्यांचा आराखडा मांडला. शून्य ते नऊ असे खात्यांचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. शून्य वर्गात क्वचितच हलणारी खाती. दोन कारखान्यांनी खाती एकाच क्रमांकांनी ठेवली, तरच एकाचा खर्च दुसऱ्याशी ताडून पाहता येतो, एवढा साधा हेतू.

व्यवसायशास्त्र ही हाताला उपयोगी पडणारी कला आहे, ते नीतिशास्त्र नव्हे, असे श्मालेनबाख पहिल्या महायुद्धाआधीपासून म्हणत होते. त्यामुळे रुक्ष हिशेबनीस हा शिक्का बसला. याच्या अगदी उलट टोकाला हाइनरिश निकलिश होते. आधी मानहाइमला, मग बर्लिनला प्राध्यापक. निकलिश यांच्या लेखनात कारखाना म्हणजे माणसांचा समुदाय. मालक आणि कामगार एका देहाचे अवयव. व्यवसायशास्त्राने मूल्ये सांगावीत. वाचायला उदात्त. व्यवसायातील नैतिकतेवरच्या ज्या एकदिवसीय कार्यशाळा हल्ली दर आठवड्याला कुठे ना कुठे भरतात आणि जेवणानंतर प्रमाणपत्र देतात, त्यांच्या व्यासपीठावर निकलिश शोभून दिसले असते आणि श्मालेनबाख यांना कोणी बोलावलेही नसते.

मग १९३३ उजाडले. निकलिश यांनी आपल्या विषयाच्या प्राध्यापकांना नव्या राजवटीची साथ देण्याचे आवाहन केले. समुदायाची त्यांची भाषा नाझींना आयतीच सापडली. त्यातल्या ‘एक देह’ या कल्पनेतून बाहेर कोणाला ठेवायचे एवढेच ठरवायचे उरले होते. श्मालेनबाख यांनी त्याच वर्षी, साठाव्या वर्षी, स्वतःहून अध्यापनातून निवृत्ती मागितली. पत्नी ज्यू असलेल्या प्राध्यापकाला विद्यापीठात पुढे काय वाट्याला येणार, हे उमगायला गतिमान ताळेबंदाची गरज नव्हती. पण माणूस सोडला, तरी आकडे हवेच होते. १९३७ साली सरकारने उद्योगांवर हिशेबाचा एकसारखा आराखडा सक्तीचा केला. त्याचा पाया श्मालेनबाख यांच्याच दहा वर्गांचा होता. युद्धसामग्रीचे भाव ठरवायला कारखान्यांचे खर्च ताडून पाहणे भाग होते.

मिश्र विवाहातील ज्यू जोडीदाराला त्या राज्यात एकच तुटपुंजे संरक्षण होते, ते लग्न. नवऱ्याने घटस्फोट दिला की पत्नीची रवानगी छळछावणीकडे. घटस्फोट घ्या म्हणून दबाव असे, आणि घेणाऱ्याची वाटही सोपी करून ठेवलेली होती. श्मालेनबाख यांनी तो घेतला नाही. १९४४ च्या सप्टेंबरात कोलोन भागात मिश्र विवाहातील ज्यूंचीही धरपकड सुरू झाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले श्मालेनबाख पत्नीसह भूमिगत झाले. आसरा दिला तो लुडविग फाइनेन या जुन्या सहायकाने, बाड गोडेसबर्ग इथल्या आपल्या घरी. पकडले जाण्याचा धोका लपणाऱ्याइतकाच लपवणाऱ्यालाही होता. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य येईपर्यंत दोघे तिथेच राहिले.

निष्ठा आणि समुदाय यांवर पानेच्या पाने लिहिणारा एक, आणि त्यांवर शास्त्र उभारता येत नाही असे म्हणणारा दुसरा. दोन माणसांवरून सिद्धांत काढू नये, हे खरे. मूल्यांवर बोलणारे सगळेच निकलिश होत नाहीत. तरी प्राध्यापकांच्या नेमणुकीत यापुढे मूल्यनिष्ठेचे निवेदन मागणाऱ्या समित्यांनी हे जोडचरित्र एकदा वाचावे.

निकलिश १९४६ साली वारले. श्मालेनबाख कोलोनला परतले, युद्धानंतर पुन्हा काही वर्षे वर्ग घेतले आणि २० फेब्रुवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नियतकालिकाचा वारसा आजही त्यांच्या नावाने चालतो. सक्तीचा आराखडा राजवटीबरोबर गेला, पण जर्मन उद्योगसंघाने त्याची सुधारलेली आवृत्ती ऐच्छिक म्हणून पुढे आणली आणि कारखान्यांनी ती आपणहून स्वीकारली. शून्य ते नऊ हे वर्ग तिथल्या हिशेबाच्या वह्यांत आणि आता संगणकप्रणालींत टिकून आहेत.