चांगल्या गेमसाठी जादा पैसे : गंगाखेडचा खेळाडू देईल का?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. ड्रीम ११नेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. मासिक शुल्क घेऊन गेम खेळू द्यायला मात्र कायद्याची मुभा आहे. ते शुल्क म्हणजे पैज नको, एवढीच अट.

मग शुल्क किती? मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२५ला गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला मासिक दर १९.९९ वरून २९.९९ डॉलरवर नेला. तो ग्राहक कन्सोलवाला. गंगाखेडसारख्या गावात गेम म्हणजे मोबाइल, आणि पहिलं शुल्क रिचार्जचं. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. त्यावर आणखी हप्ता?

बीजीएमआय फुकट आहे, पुण्यात तयार झालेला ‘इंडस’ही फुकटच आला. कमाई होते ती बंदुकीच्या ‘स्किन’वर. स्किन हवी तेव्हा घेता येते, हप्ता मात्र परीक्षेच्या महिन्यातही कापला जातो. शिवाय जादा पैशांत ग्राफिक्स सुधारतील, पण टॉवरवर ताण आला की वाढणारा पिंग गेम कंपनीच्या हातात नाही. फ्री फायर मॅक्समध्ये आठवड्याची मेंबरशिप आहे. वाढ करायचीच तर कंपन्यांनी आधी तिथे करून बघावी.