लहान इमारतीला मोठी सूट

महाराष्ट्राबाहेर नोकरी करून तेथेच स्थिरावू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक मत रूढ होत चालले आहे. घर घ्यावे ते लहान, नव्या इमारतीत. सहा-आठ बिऱ्हाडे, शांत गल्ली, ना तरणतलाव ना क्लबहाऊस, त्यामुळे देखभालीचा खर्चही बेताचा. म्हैसूरच्या विजयनगरात, विशेषतः त्याच्या तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांत घर शोधणाऱ्या आमच्या परिचितांकडून हे मत मी वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा दोष मात्र लहान इमारतीकडे जात नाही. तो कायद्याने तिला दिलेल्या सुटीकडे जातो, असे मला येथे मांडायचे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. 40 × 60 फुटांच्या भूखंडावर सहा समान सदनिका असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला 400 चौरस फूट जमिनीचा अविभक्त हिस्सा येतो. इमारत जुनी होते आणि तिचे मूल्य घटते; टिकते ती जमीन. उंच संकुलात हा हिस्सा बहुधा पुष्कळच कमी असतो. दुसरे असे, की सामूहिक कामे लहान गटात अधिक सहज होतात, हे मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेले सूत्र सदनिकाधारकांनाही लागू पडते.

आता खर्चाची बाजू. उद्वाहक, पंप व पहारेकरी यांचा खर्च बिऱ्हाडांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. समजा, तो महिना 24,000 रुपये आहे. साठ सदनिकांत प्रत्येकी 400 रुपये पडतात, सहा सदनिकांत 4,000. साठांपैकी एकाने वर्गणी थकवली तर कोणाला जाणवतही नाही. सहांपैकी एकाने थकवली की एक षष्ठांश उत्पन्न बुडते. मते तीन विरुद्ध तीन अशी विभागली, तर गच्चीची गळतीही वर्षभर निर्णयाविना राहते. परंतु या तोट्यांचा अंदाज ग्राहकाला आधी बांधता येतो. ज्याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, तो धोका वेगळाच आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 3 नुसार प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय सदनिकांची जाहिरात वा विक्री करता येत नाही. त्याच कलमात सूट आहे : जमीन 500 चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठापेक्षा अधिक नसतील, तर नोंदणी नको. हा आकडा विजयनगरच्या नकाशावर ठेवून पाहावा. 30 × 40 फुटांचा भूखंड सुमारे 111 चौरस मीटरचा, 40 × 60 चा 223 आणि 50 × 80 चा 372. 40 × 60 चे दोन भूखंड जोडले तरी बेरीज 446 होते. म्हणजे नगरविकास प्राधिकरणाने पाडलेल्या नेहमीच्या आकाराच्या भूखंडावर जे काही उभे राहील, ते या सुटीत सहज बसते. अपवाद म्हणून लिहिलेली तरतूद अशा वसाहतीत नियमच होऊन बसली आहे.

या सुटीमुळे ग्राहक काय गमावतो? ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पावर खर्च करण्याचे बंधन नोंदणीच्या अर्जाशी जोडलेले आहे. मंजूर नकाशा, जमिनीचा मालकीहक्क, बोजे व पूर्ततेची तारीख नियामकाच्या संकेतस्थळावर येते तीही नोंदणीमुळेच. सूट नोंदणीपुरती आहे, प्रवर्तकाची सारी कर्तव्ये तिने माफ होत नाहीत, हे कोणी सांगेल. ते खरे आहे. पण ज्याची नोंदच नाही त्याच्यावर देखरेख कशी ठेवणार?

विजयनगरातील एका प्रवर्तकाकडे मी नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा उत्तर मिळाले : “सर, आम्हाला रेरा लागतच नाही.” जणू तो इमारतीचा एक गुणच! माझ्यासारख्या केंद्रीय कर्मचाऱ्याला अशी सदनिका घेण्यापूर्वी 1964 च्या वर्तणूक नियमांतील नियम 18 खाली शासनाला कळवावे लागते. घेणाऱ्याने कळवायचे, बांधून विकणाऱ्याने मात्र नियामकाला काहीच कळवायचे नाही.

माहिती विक्रेत्याकडे असते आणि ग्राहकाकडे नसते, तेव्हा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले. मोठ्या विकासकाला पुढचा प्रकल्प विकायचा असल्याने नावाची काळजी असते. एका इमारतीपुरती जमलेली भागीदारी इमारत संपताच मोडू शकते. कलम 14 मध्ये ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. परंतु पाचव्या वर्षी दार ठोठवायचे कोणाचे?

यावर आक्षेप ठरलेला आहे : लहान बांधकाम व्यावसायिकावर कागदांचा भार नको. हा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. अनावश्यक परवान्यांनी काय होते हे आम्ही कार्यालयांत रोज पाहतो. परंतु नोंदणी रद्द केल्याने भार नाहीसा होत नाही; तो आठ कुटुंबांवर जातो. एकच मालकीहक्क आठ वकील आठदा तपासतात. जी माहिती एकदा जाहीर केल्याने सर्वांना पुरते, ती आठदा विकत घ्यायला लावणे ही काटकसर नव्हे. स्वतंत्र खाते उघडण्यास तर जवळजवळ काहीच खर्च नाही.

उपाय शोधण्यास नवा कायदा नको. ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्य शासनांना त्याच कलमाच्या परंतुकाने दिला आहे. ती 100 चौरस मीटर व तीन सदनिका इतकी खाली आणावी आणि लहान प्रकल्पांसाठी चार कागदांचा सोपा अर्ज ठेवावा. स्वतःच्या कुटुंबासाठी घर बांधणारा याने अडणार नाही, कारण तेथे विक्रीच नसते.

तोपर्यंत परराज्यातील मराठी ग्राहकाने महाराष्ट्रातील सवयी बाजूला ठेवाव्यात. तेथे आपण ‘सोसायटी’ आणि तिच्या नावे होणारे अभिहस्तांतरण गृहीत धरतो. कर्नाटकात जमिनीचा अविभक्त हिस्सा खरेदीखतानेच मिळतो, आणि सामाईक व्यवस्थेसाठी 1972 च्या सदनिका मालकी कायद्याखालील घोषणापत्र लागते. ते नोंदविले जाणार आहे की नाही, हे आधी विचारावे. बोजा-प्रमाणपत्र व ई-खाते पाहावे, आणि कागद कन्नडमध्ये आहेत म्हणून वाचून घेण्याचा कंटाळा करू नये. 2024 मध्ये विजयनगरातीलच 14 भूखंडांच्या वाटपाचे प्रकरण देशभर गाजले. त्याच्या गुणावगुणांत मी शिरत नाही. पण भूखंड प्रथम कोणाला, कशाच्या बदल्यात मिळाला, हा प्रश्न तेथे गैरलागू नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. कलम 13 तेच सांगते. आणि मंजुरीपेक्षा एक मजला जास्त दिसला तर परत फिरावे. पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निर्णयात बजावले आहे.

हे सारे तपासून लहान इमारतीत घर घेणाऱ्याला मी शहाणाच म्हणेन. पण आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या ग्राहकाचे संरक्षण त्याच्या शहाणपणावर सोपवायचे असेल, तर 2016 चा कायदा केला कशासाठी? साठ सदनिकांच्या संकुलात घर घेणाऱ्याचा पैसा आणि सहा सदनिकांच्या इमारतीत घर घेणाऱ्याचा पैसा सारख्याच कष्टाचा असतो. भूखंडाच्या लांबी-रुंदीवरून कायद्याने त्यांत भेद करू नये.