खोली देताना आपण कोण असतो?

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा मी सव्वा महिना घर शोधत होतो. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं आणि शेवटी नाव विचारलं जायचं. नाव सांगितलं की मालकाला अचानक आठवायचं, घर भाच्याला द्यायचंय. तुमच्यापैकी अनेकांकडे अशी एक तरी गोष्ट असेल.

मागच्या वर्षी तीच गोष्ट मी आपल्याच शहरात, आपल्याच मोहल्ल्यात पाहिली. विद्यापीठात पीएच.डी. करणारा एक सुदानी विद्यार्थी मशिदीत ओळखीचा झाला. त्याला खोली हवी होती. आमच्या गल्लीतल्या एका चाचांची खोली रिकामी होती, म्हणून त्याला घेऊन गेलो. चाचांनी सलाम-दुआ केली, चहा पाजला. तो बाहेर पडल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यमनी लाव, दे देता. ये काले लोगां नक्को." अर्ध्या तासापूर्वी दोघं एकाच सफमध्ये शेजारी उभे होते.

येमेन, इराक, सुदान, सोमालिया, अफगाणिस्तान अशा देशांतली मुलं अनेक वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरात शिकायला येतात. फी परवडते, मशिदी आहेत, हलाल जेवण मिळतं. त्यामुळे आपण गृहीत धरतो, 'मुस्लिम शहरात मुस्लिम मुलगा, त्याला काय त्रास?' पण शाळा अरबीत झालेली असते आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. रिक्षावाल्याशी हिंदी, दुकानात दखनी, सरकारी कागदावर मराठी. घरी युद्ध सुरू असेल तर रात्र फोनकडे बघण्यात जाते. मार्च २०१५ नंतर येमेनच्या आणि एप्रिल २०२३ नंतर सुदानच्या मुलांना घरच्या पैशांचा भरवसा उरला नाही. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. मग भाडं कुठून द्यायचं?

त्यात कागदपत्रं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. त्याला घरात ठेवणाऱ्या मालकाने २४ तासांत त्याच्या मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो. तो ऑनलाइन भरता येतो. पण 'पोलिसांची कटकट नको' म्हणून अनेक मालक तो टाळतात किंवा करारच करत नाहीत. पत्त्याचा पुरावा नसला की व्हिसा वाढवताना त्या मुलाची अडचण होते. आपल्याला टाळायची असलेली कटकट आपण त्याच्या गळ्यात बांधतो.

हे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते बाबासाहेब स्वतः परदेशात शिकलेले. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज यांच्या बळावर. अडलेल्या विद्यार्थ्याला कुणी हात दिला तर काय घडू शकतं, हे या शहराला वेगळं सांगायला नको.

आणि हे शहर वसवलं कुणी? १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्याच्या नहरीचा अभिमान आपण सांगतो आणि त्याच्या रंगाच्या मुलाला खोली नाकारतो.

पुण्यातल्या मालकाविरुद्ध मी जो न्याय मागतो, तो चाचांनाही लागू व्हायला हवा. नाहीतर माझी तक्रार अन्यायाबद्दल नव्हतीच, फक्त माझ्या वाट्याला आला म्हणून होती. भाईचारा सफमध्ये सोपा असतो. त्याची परीक्षा भाडेकरारावर होते.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला संघटना लागत नाही. आपल्या वडिलांना, मामांना हा फॉर्म भरून द्या. लेखी करार आणि भाड्याची पावती मागायला त्या मुलांना मदत करा. परदेशी म्हणून भाडं वाढवून सांगत असतील तर घरातच विरोध करा. आठवड्यातून एक तास कामापुरती मराठी शिकवा.

त्या सुदानी मित्राला शेवटी बेगमपुऱ्यात एका बौद्ध कुटुंबाने खोली दिली. फॉर्म घरच्या मुलीने मोबाइलवर भरला. चाचांची खोली अजून रिकामी आहे. येत्या जुम्म्याला मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.