पहिली बंदूक घेताना

भिलाईच्या सेक्टरमधल्या एखाद्या मराठी घरात लेकाला किंवा लेकीला क्ले शूटिंगची गोडी लागली, की वडिलांना हटकून आठवते ती गावाकडची आजोबांची दुनळी. रानडुकरं हाकलायला घेतलेली बारा बोअर. तीच आणू, चार पैसे वाचतील! हिशेब सरळ वाटतो खरा, पण तो तसा नाही.

आजोबा हयात नसतील तर ती बंदूक घरात असताच कामा नये. परवानाधारक गेल्यावर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसानं स्वतःच्या नावे परवाना मागायचा. भिलाईकरांना त्यासाठी दुर्गच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. एरवी परवान्याला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. त्याआतल्या मुलांनी कायद्याच्या चौकटीत, रेंजवर देखरेखीखालीच सराव करायचा. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण नागरिकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. त्यामुळे ‘आधी एक स्वस्तातली घेऊ, मग बघू’ हे इथे फारसं चालत नाही.

आता खुद्द दुनळी. कित्येक जुन्या बंदुकांत काडतुसाची जागा 65 मिलिमीटरची असते, तर आजची काडतुसं बहुधा 70 मिलिमीटरची. उडाल्यावर काडतुसाचं तोंड उघडतं, त्याला जागा पुरली नाही तर आतला दाब धोकादायक वाढतो. नळीला आतून गंज असेल, पोचा असेल किंवा सांधा ढिला असेल, तर तिला बार लावणं म्हणजे जिवाशी खेळ. जाणकार कारागिरानं तपासल्याशिवाय एकही काडतूस भरू नये.

नवी घ्यायची तर खिशाला परवडणारी म्हणून सरकारी आयुध कारखान्याची पंप अ‍ॅक्शन पुढे केली जाते. राखणीला ती ठीक. पण ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप आणि स्कीट स्पर्धांत पंप अ‍ॅक्शनला मुळात मनाईच आहे! हे खरेदीनंतर कळणं फार महागात पडतं. स्पर्धेतले बहुतेक नेमबाज एकीवर एक नळी असलेली दुनळी वापरतात, कारण नेम धरताना नजरेसमोर एकच नळी येते. ट्रॅपला 30 ते 32 इंची नळ्या लोकप्रिय आहेत, स्कीटला थोड्या आखूड. चांगली परदेशी बंदूक लाखांच्या घरात जाते.

पण नावापेक्षा माप महत्त्वाचं. शर्ट जसा अंगाला बसावा लागतो, तशीच बंदूक खांद्याला आणि गालाला. डोळे मिटून, अर्थात रिकामीच, खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरच्या पट्टीच्या बरोबर मधून गेली तर दस्ता बसला. पट्टी दिसलीच नाही किंवा मान वाकडी करावी लागली, तर विक्रेत्यानं कितीही गोडवे गायले तरी परत ठेवावी. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा बलवान असू शकतो, हेही आधीच पाहून घ्यावं. साडेतीन किलोच्या आसपासचं वजन कोवळ्या खांद्याला दिवसभर पेलणार का, तेही.

आणि खरा खर्च बंदुकीचा नव्हेच. एका फेरीत 25 तबकड्या (क्ले म्हणतात, पण असतात डांबर-चुनखडीच्या). ट्रॅपमध्ये प्रत्येकीवर दोन बार मारता येतात, म्हणजे एका फेरीत 50 पर्यंत काडतुसं. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर आकडा कुठे जातो ते घरातल्या गृहिणीला सांगायला नको.

म्हणून पहिलं वर्ष बंदूक न घेताच काढलेलं बरं. दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेसनं रातोरात भोपाळ गाठता येतं, तिथे मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमी आहे. तिथल्याच गोरा गावच्या मासेमार कुटुंबातली मनीषा कीर या अकादमीत घडली आणि 2018 मध्ये चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत तिनं ज्युनिअर ट्रॅपचं रौप्यपदक घेतलं. घरात बंदूक असण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या भेटीला जाताना स्वतःचं म्हणून कानांचं संरक्षक आणि न फुटणाऱ्या काचांचा चष्मा एवढंच सोबत असलं तरी पुरे. तबकडीचे तुकडे वाऱ्यानं मागेही येतात.