बरोबरीतला अर्धा गुण

दिवा स्थानकात लोकलची वाट पाहताना मोबाइलवर ‘डाव बरोबरीत’ एवढेच वाचले, तर काही घडलेच नाही असे वाटते. २६ जुलै २०२५ रोजी बाटुमीत, महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, नागपूरच्या दिव्या देशमुखने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, मग वजिराकडच्या उंटापुढचे. कोनेरू हम्पीने ते मारले. हाच ‘क्वीन्स गॅम्बिट अ‍ॅक्सेप्टेड’. हे प्यादे फुकटचे नसते. काळ्याचा पटाच्या मध्यावरचा ताबा सुटतो आणि पांढरा ते बहुधा परत मिळवतो. दिव्याला चौदाव्या चालीच्या सुमारास मोठी संधी आली, ती निसटली. हम्पीने तो अर्धा गुण अक्षरशः खेचून आणला. दुसरा डावही बरोबरीत सुटला. २८ जुलैच्या जलद डावांत दिव्या १.५-०.५ अशी जिंकली.