काट्याची भाषा

आमच्या श्रीगोंदा तालुक्यात ऊस आणि दूध यांवर कितीतरी घरं चालतात, आणि दोन्हींचा हिशोब शेवटी काट्यावर ठरतो. म्हणून आज जरा तांत्रिक विषय. मंडळी, कंटाळू नका, वर्गात सांगितल्यासारखंच सांगतो.

बऱ्याच जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागे नऊ पिनांची एक जागा असते. तो सीरिअल पोर्ट. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. नव्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. मग सल्ला मिळतो की काटा बदला, नाहीतर आकडा बघून हाताने टाईप करा. मला दोन्ही पटत नाही. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर असतो, टाईप करणाऱ्या बोटांवर नसतो! काटा आणि पावती यांच्या मधे हात आला की चूक शिरते, आणि चूक नसली तरी संशय शिरतो.

खरं तर काम थोडंच आहे. यूएसबीचा एक कन्व्हर्टर आणायचा. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. जोडला की 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'टीटीवाययूएसबी०' असं नाव दिसतं. टीटीवाय म्हणजे टेलीटाईप, तारेच्या जमान्यातलं यंत्र. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, हे नाव मात्र टिकलं. उबुंटूमध्ये आपलं खातं 'डायलआऊट' गटात घालावं लागतं, नाहीतर परवानगी मिळत नाही.

मग 'एसटीटीवाय' या आज्ञेने चार गोष्टी सांगायच्या: वेग, एका अक्षराचे बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट. हे शुद्धलेखन घालण्यासारखं आहे. सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळला नाही की वहीत काय उमटतं, ते शिक्षकांना विचारा. वेग ९६००, बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. सुरुवातीचा एक बिट धरून अक्षरामागे १० बिट होतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वजनाच्या आकड्याला हा वेग पुरून उरतो. पडद्यावर कचरा दिसला तर चारांपैकी काहीतरी जुळलेलं नाही. काहीच दिसलं नाही तर २ आणि ३ नंबरच्या तारा उलटसुलट करणारी केबल लागेल, किंवा तो काटा मागितल्याशिवाय आकडा देत नसेल.

सतत आकडे पाठवणारा काटा असेल तर 'कॅट' ही आज्ञा दिली की वजनं पडद्यावर सरकू लागतात. संगणक बंद-चालू केला की ही मांडणी पुसली जाते, म्हणून ती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी.

तार जोडली की लबाडी संपली, असं मी म्हणत नाही. प्रोग्रॅममध्येही आकडा फिरवता येतो. पण काटा मुळात काय बोलला, हे इथे गावातलं कॉलेजला जाणारं पोरही तपासू शकतं. बंद डब्यातल्या नव्या यंत्रात ही सोय असेलच असं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. काट्याचं माहितीपुस्तक हरवलेलं असतं आणि ते चार आकडे कुणालाच ठाऊक नसतात. तेव्हा माझं म्हणणं एवढंच: जिथे असा काटा चालू आहे, तिथे ते चार आकडे ठळक अक्षरांत लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा. चांगला चालणारा काटा केवळ भाषा विसरल्यामुळे भंगारात जाऊ नये.